फिलाडेल्फिया कॉलर, विदर्भाचा उन्हाळा अन् आमचे मामाजी : वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, कॉलर (म्हणजे मान हलू नये म्हणून गळ्याभोवती लावायचा कडक पट्टा) चांगली आहे, घ्या, पण दुकानात जाऊन माप देऊन घ्या, मोबाईलवरून मागवू नका. एवढंच पाहिजे असेल तर इथं थांबलं तरी चालते. बाकीचं ज्यांच्या घरी मानेचं ऑपरेशन झालेला माणूस यायचा आहे अन् घर खेड्यात आहे त्यांच्यासाठी लिहून राहिली, कारण मी शोधलं तेव्हा जे सापडलं ते सगळं एसी, कमोड अन् सोफा असलेल्या घरांसाठीचं होतं आणि आमच्याकडे कूलर, बाज आणि आंगणाच्या कोपऱ्यात संडास.

पेशंट म्हणजे आमचे मामाजी, माझे सासरे, साठीच्या पुढचे, जन्म सगळा वावरात गेला. आधी हाताला मुंग्या यायच्या, मग शर्टाची बटनं लावता येईना, चहाचा कप हातातून सुटायचा, चालताना पाय भलतीकडेच पडायचा. गावात सगळ्यांनी वात ठरवून टाकला. एकानं बिब्बा लावायला सांगितला अन् मामाजींनी तो लावूनही घेतला, मानेच्या मागे फोड आले ते वेगळंच. शेवटी नागपूरला एमआरआय झाला तेव्हा समजलं की दुखणं हातापायात नाहीच, मानेत आहे. मानेत 7 मणके असतात, त्यातल्या चौथ्या-पाचव्या आणि पाचव्या-सहाव्याच्या मधल्या गाद्या मागे सरकून मज्जारज्जूच दाबून राहिल्या होत्या. ऑपरेशन समोरून झालं, गळ्याच्या बाजूला आडवा छोटा काप, खराब गाद्या काढल्या, त्यांच्या जागी केज (मणक्यांमधली जागा भरणारे छोटे ठोकळे) बसवले अन् वरून टायटॅनियमची पट्टी स्क्रूनं पक्की केली. शेजारच्या काकूंना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "मान मांगं असते अन् कापलं समोरून? डॉक्टरनं पाह्यलं तरी का नीट?" आता काय सांगावं. समोरून गेलं की मज्जारज्जूला हात न लावता गादीपर्यंत पोचता येते अन् हे ऑपरेशन 1950 च्या दशकापासून असंच होऊन राहिलं आहे, पण काकूंपुढं डॉक्टरचं काय चालते.

सुट्टी देताना चिठ्ठीवर लिहून दिलं, फिलाडेल्फिया कॉलर बाहेरून आणा. एक गोष्ट लक्षात ठेवा, सगळ्यांनाच कॉलर देत नाहीत. एकाच जागचं ऑपरेशन असेल अन् पट्टी-स्क्रू लावले असतील तर बरेच सर्जन कॉलर लावतच नाहीत, काही जण नरमवाली देतात, मामाजींचं दोन जागी होतं म्हणून कडक दिली. किती तास लावायची, रात्री ठेवायची का, आंघोळीला काढायची का, हे तुमच्या सर्जनलाच विचारा, निघायच्या आधी विचारा अन् लिहून घ्या, कारण गावी आल्यावर फोन कोणी उचलत नाही.

तर कॉलर. दोन तुकडे असतात, एक मागचा एक पुढचा, फोमचेच पण वरून कडक प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, पुढं गळ्याशी एक मोठं भोक आणि दोन्ही बाजूला वेल्क्रो. माझ्या दिरानं दवाखान्यातूनच मोबाईलवर मागवून ठेवली होती, मानेचा घेर मोजून एम साईज. घरी आलो तर डबा येऊन पडलेला. घेर बरोबर होता हो, पण उंची! हनुवटीपासून छातीच्या हाडाच्या वरच्या खळगीपर्यंतचं अंतर कोणी विचारलंच नव्हतं, डब्यावरही लिहिलेलं नव्हतं. मामाजींची मान आखूड आहे. ती कॉलर लावली की तोंड वर आढ्याकडे, कानाच्या खाली पट्टी रुतलेली. वर त्याला रबराचा असा वास की जेवण जाईना. परत पाठवायला गेलं तर वापरलेली वस्तू म्हणून घेत नाहीत म्हणे.

मग तालुक्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जे सर्जिकलचं दुकान आहे तिथं गेलो. दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, वरपर्यंत वॉकर, काठ्या, पट्टे लटकलेले. दुकानातल्या दादानं मामाजींना गाडीतून उतरूच दिलं नाही, स्वतः टेप घेऊन बाहेर आला, सरळ समोर पाहा म्हणाला, घेर घेतला, मग हनुवटी ते छाती उंची घेतली, ती दोनदा घेतली. चार डबे उघडले तेव्हा एक बसली. बसली म्हणजे कशी ते पण दाखवलं, हनुवटी पुढच्या वाटीत पूर्ण टेकली पाहिजे पण पुढं लोंबली नाही पाहिजे, नजर समोर, आणि कॉलरच्या आत एक बोट जाईल इतकीच ढील. 850 रुपये घेतले. ऑनलाईनवाली याच्यापेक्षा दीडशेनं स्वस्त होती अन् अजून माळ्यावर पडून आहे. त्यानं एक शहाणपणाची गोष्ट सांगितली की जमत असेल तर दोन घ्या, एक धुवायला निघेल. तेव्हा वाटलं हा धंदा करून राहिला, आठ दिवसांत दुसरी आणावी लागली, त्याचंच खरं निघालं.

कारण उन्हाळा. मार्च संपता संपता ऑपरेशन अन् एप्रिल-मे कॉलरमधे. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको, पारा 44-45 ला गेला की कूलरचीपण हवा गरम लागते, त्यात गळ्याभोवती फोम. मामाजी म्हणायचे, "बैलाच्या मानेवर जू ठेवते ना, तसं करून ठेवलं वं तुम्ही मले." घामोळ्या तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आल्या. हनुवटीखाली, मागे डोक्याच्या फुगीर हाडावर अन् पुढं हासळीच्या हाडावर लाल चट्टे. ही तिन्ही ठिकाणं रोज पाहायची, लाल जागा कॉलर काढल्यावर अर्ध्या तासात गेली नाही तर डॉक्टरला दाखवायचं, नाहीतर कातडी सोलते. आम्ही सर्जनला विचारून आतून सुती कापड लावलं. जुनी धुऊन धुऊन मऊ झालेली बनियन फाडली, शिवण काढून टाकली, एकही सुरकुती राहू न देता गुंडाळली, दिवसातून दोन-तीनदा बदलली. कॉलर कोमट पाण्यात साध्या साबणानं हातानं धुवायची, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. पत्र्यावर उन्हात टाकली तर फोम वाकडा होतो. पावडर लावू नका, घामात तिचा लगदा होतो.

आता एक गोष्ट जी कोणत्याच माहितीपत्रकात मिळायची नाही. आमच्या घरात भाव वाढायची वाट पाहत कापूस भरून ठेवलेला होता, मधल्या खोलीत छतापर्यंत. मामाजींची खाट त्याच्या बाजूच्या खोलीत. वेल्क्रोचा जो टोकदार भाग असतो त्याच्यात कापसाची रुई अशी जाऊन बसते की दोन आठवड्यांत पट्टी चिकटेचना. रात्री कूस बदलली की चर्र आवाज करून उघडायची. मला वाटलं माल खराब दिला. दुकानदाराला फोन केला तर हसायला लागला, म्हणे ताई, या मोसमात निम्मे फोन याचेच असतात, जुना टूथब्रश घ्या नाहीतर बारीक कंगवा, नाही तर सुईनं एक एक तंतू काढा. काढला, अन् पट्टी नव्यासारखी. ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांनी हे रोजचं काम समजा, आणि कॉलर धुताना पट्ट्या बंद करून धुवा.

घालायची-काढायची पद्धत. आम्हाला आडवं झोपवूनच सांगितली होती. मागचा तुकडा आधी मानेखाली सरकवायचा, मधोमध, मग पुढचा छातीवरून वर सरकवत हनुवटीखाली आणायचा, पुढचा तुकडा मागच्याच्या वरून आला पाहिजे, अन् दोन्ही पट्ट्या सारख्याच ओढायच्या, नाहीतर मान एका अंगाला जाते. माझ्या नवऱ्याला हे कधीच जमलं नाही. माझ्या नवव्या वर्गातल्या पोरीला जमलं.

जेवण हा मोठा विषय आहे. पहिले काही दिवस गिळताना घशात अडकल्यासारखं होते, आवाजही बसतो, कारण ऑपरेशनमधे अन्ननलिका अन् श्वासनळी बाजूला सारून धरतात. बहुतेकांचं हळूहळू कमी होते पण तोपर्यंत ज्वारीची भाकर विसरा. मुगाची पातळ खिचडी, ज्वारीची आंबील, ताकात कुस्करलेला भात, छोटे घास, सरळ बसून. आणि कॉलरमुळं ताट दिसतच नाही! आपण पाटावर बसून खाली वाकून जेवणारी माणसं. मामाजी चमचा अंदाजानं खाली न्यायचे, तो वाटीच्या बाहेर टेकायचा, वरण हनुवटीच्या वाटीत, तिथून ओघळत आत बनियनच्या कापडावर, अन् मग चिडचिड. शेवटी खुर्चीत बसवलं, समोर टेबल, टेबलावर मुलीच्या अभ्यासाचा छोटा स्टूल, त्याच्यावर ताट. ताट छातीच्या उंचीला आलं तेव्हा कुठं जेवण सुधारलं. हे पहिल्या दिवशीच करा.

पायाखालचंही दिसत नाही. उंबरठा, आंगणातला नळीचा पाईप, कूलरची वायर, बकरी, सगळं पायात येते. ऑपरेशन चांगलं झालं अन् माणूस उंबरठ्यावर पडला तर काय उपयोग, म्हणून काठी हातात दिली, पाईप गुंडाळला, बकऱ्या मागच्या दारी बांधल्या. संडासासाठी त्याच दुकानातून कमोडची खुर्ची महिन्याच्या भाड्यानं आणली, हा पैसा सगळ्यात सार्थकी लागला. मामाजी आधी नाही नाही म्हणत होते, "मी का म्हातारा झालो का", पण उकिडवं बसून कॉलरसकट उठणं काय असते ते एकदा समजल्यावर गुपचूप खुर्चीवर. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही अन् जोर लावायचा नसतो, म्हणून पाणी, पपई, अन् डॉक्टरनं दिलेलं औषध.

झोप. बाजेवर झोपवू नका. दोरी ढिली झालेली बाज मधे खड्डा करते, पाठ खाली मान वर. आम्ही लाकडी दिवाणावर कापसाची घट्ट गादी टाकली, डोक्याखाली पातळ घडी केलेला टॉवेल. दिरानं आणखी एक लाटेसारख्या आकाराची फोमची उशी मागवली होती, बाराशेची, तिच्यावर मामाजींची मान इतकी वर यायची की दुसऱ्या दिवशी मांजर त्या उशीवर झोपलं होतं. त्याला आवडली. उठताना एकदम पाठीवरून उठायचं नाही, आधी पूर्ण अंग एकदमच कुशीवर वळवायचं, खांदा-कंबर सोबत, मग पाय खाली सोडायचे आणि हातानं रेटून बसायचं.

आता खर्रा. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगून उपयोग नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही. मामाजींना दिवसाला चार-पाच पुड्या लागायच्या. सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं की तंबाखूतल्या निकोटीननं रक्तपुरवठा कमी होतो, मणके एकमेकांना जुळत नाहीत, स्क्रू-पट्टी फक्त तात्पुरती धरून ठेवते, खरी मजबुती हाड जुळल्यावर, आणि त्याला महिने लागतात. घरी आल्यावर चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी एक मित्र पुडी घेऊन हजर. पण कॉलरची गंमत अशी की थुंकता येत नाही! मान पुढं जात नाही, वाकता येत नाही, जे काही आहे ते कॉलरवरच. पांढऱ्या बनियनवर लाल डाग घेऊन मामाजी बसलेले अन् समोर सासूबाई. त्यानंतर जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही. खर्रा सुटला. पूर्ण सुटला का ते देवाला माहीत, पण घरात दिसला नाही. या एका कामासाठी मी कॉलरला एक स्टार जास्तीचा देते, बिडी-सिगारेटवाल्यांना मात्र हा फायदा मिळणार नाही.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं ते मला अजून समजलं नाही. प्रत्येकाजवळ उपाय. कोणी मोहाचं तेल घेऊन आलं, कोणी चोळणारा माणूस सांगितला जो म्हणे एका झटक्यात मान मोकळी करतो. झटका कोणी द्यायचा नाही, कधीच नाही, ऑपरेशन झालेल्यालाही नाही अन् न झालेल्यालाही नाही. दाढी करायला घरी जो भाऊ येतो तो नेहमी शेवटी डोकं धरून मान कडकड मोडून द्यायचा, मामाजींना ते फार आवडायचं. त्याला दारातच सांगितलं, दाढी करा, मालिश नाही, मोडणं तर नाहीच. झोपवून, पुढचा तुकडा काढून, मी डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरलं अन् त्यानं दाढी केली. जखमेवर तेल, हळद, काहीच लावायचं नाही, कोरडी ठेवायची. अन् गावातल्या मेडिकलवरून दुखते म्हणून कोणतीही गोळी आणायची नाही, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी हाड जुळायला उशीर होऊ शकतो म्हणून बरेच सर्जन त्या बंद ठेवतात, आधी विचारायचं.

एक मात्र गमतीत घ्यायचं नाही. गळा सुजून श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, पाणीही गिळता येईना, ताप आला, जखमेतून पू यायला लागला, हातापायातली ताकद कमी व्हायला लागली, लघवी-संडासावरचा ताबा गेला, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. श्वासाचं असेल तर सरळ 108.

चालणं हा सगळ्यात चांगला व्यायाम असं सांगितलं होतं अन् मामाजींना तेच सगळ्यात सोपं गेलं, सकाळी ऊन चढायच्या आधी मारोतीच्या देवळापर्यंत, सोबत कोणीतरी. उचलायचं मात्र दोन-अडीच किलोच्या वर काही नाही, म्हणजे पाण्याचा गुंड नाही, चाऱ्याची पेंडी नाही. पहिल्या पावसात फवारणीचा पंप पाठीवर घेऊन निघाले होते, भरला की तो 16 लिटरचा, सासूबाईंनी पट्टाच कापून ठेवला. मानेचे व्यायाम सर्जननं हो म्हटल्यावरच सुरू केले, तालुक्याची फिजिओथेरपीवाली ताई घरी येऊन शिकवून गेली, कपाळाला हात लावून हातानं अडवत डोकं हलू न देता जोर लावायचा, हनुवटी आत ओढायची, खांद्याची पाती मागे जुळवायची. तिनं मोबाईलचंही सांगितलं. आपलं डोकं साधारण पाच किलोचं, पण ते 60 अंश खाली झुकवलं की मानेवर 27 किलोएवढा भार येतो असा हिशोब एका अमेरिकन सर्जननं 2014 मधे मांडला होता, कॉम्प्युटरवरचा हिशोब आहे पण समजायला पुरेसा. मामाजी कीर्तनाचे व्हिडिओ मांडीवर मोबाईल ठेवून पाहतात, आता खिडकीच्या गजाला बांधून दिला, डोळ्याच्या उंचीला. मला स्वतःला हे जास्त लागलं, कारण घरात सगळ्यात जास्त वेळ मान खाली घालून मीच असते, निवडणं, शिवणं अन् मोबाईल.

कॉलर सुटतानाही डॉक्टर सांगतील तसंच, आम्हाला एक्सरे पाहून मग दिवसाचे थोडे थोडे तास कमी करत सोडायला सांगितली. एकदम सोडली तर मान लुळी वाटते, अन् नको असताना लावून ठेवली तर मानेचे स्नायू ढिले पडतात. शर्टाची बटनं मामाजी आता स्वतः लावतात, वरचं एक सोडून, हाताच्या मुंग्या थोड्या अजून आहेत. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं की ऑपरेशन पुढची खराबी थांबवायला असते, झालेलं सगळं परत येईलच असं नाही.

वाईट काय ते पण लिहिते. गरमी खूप होते, हवेची भोकं नावालाच आहेत. रंग असा की दोन दिवसांत मळकट दिसते. मागच्या तुकड्याची वरची कड कानामागे घासते, तिथं आम्ही कापूस ठेवला, घरचाच. डब्यात मराठीत एक ओळ सूचना नाही, चित्रही गोऱ्या माणसाचं ज्याला घामच येत नाही. पाचपैकी साडेतीन, खर्ऱ्याचा धरून साडेचार. दुकानाला पाचपैकी पाच.

शेजारच्या काकूंनी आता ती कॉलर मागितली आहे, त्यांची मान दुखते म्हणून. दिली नाही. माप त्यांचं नाही आणि डॉक्टरनं त्यांना सांगितलेलीही नाही, आधी दाखवून या म्हटलं, सध्या अबोला आहे. दुकानात जायचं असेल तर बाजाराच्या दिवशी जाऊ नका, गल्लीत गाडी शिरत नाही अन् पेशंटला उतरवून चालवत न्यावं लागते. दुपारी एक ते चार शटर खाली असते पण वरच घर आहे, आवाज दिला की दादा येतो. पेशंटला नेणं शक्यच नसेल तर घरूनच दोन्ही मापं इंचात घेऊन जा, घेर आणि हनुवटी ते छातीची खळगी, अन् बदलून मिळेल का ते पैसे द्यायच्या आधी विचारा, आम्हाला त्यानं डबा न फाडता नेला तर दोन दिवसांत बदलून देतो म्हटलं होतं.